सात वर्षं उभी असलेली फियाट: आधी कागद आणि ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

विचारलं आहे ते थोडक्यात असं. आजोबांच्या नावावरची १९७१ची फियाट ११०० कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये सात वर्षं उभी आहे. आजोबा आता नाहीत. जमेल तेवढं काम घरी करायचं आहे, क्लासिक कार क्लबचं सदस्य व्हायचं आहे आणि पुढच्या हिवाळ्यात एखाद्या प्रदर्शनात गाडी न्यायची आहे. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, आधी डेंटिंग-पेंटिंग उरकून घेऊ.

मिस्त्रींचं हे ऐकू नका. रंगवलेल्या गाडीवर ब्रेकचं काम काढलं की ब्रेक ऑइल कुठे ना कुठे सांडतंच, आणि ते रंग सोलून काढतं. टाकी, वायरिंग, काचांची रबरं बदलताना ओरखडे पडतात ते वेगळेच. शिवाय मूळ रंग बऱ्या अवस्थेत असेल तर जाणकार परीक्षक त्याला नव्या चकाकीपेक्षा जास्त मान देतात, आणि तो एकदा घासून काढला की संपला. दुसरी घाई टाळायची ती बॅटरी बांधून चावी फिरवण्याची. सात वर्षांत सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात, टाकीत गंज आणि जुन्या पेट्रोलचा चिकट थर साठतो. एका स्टार्टमध्ये पिस्टन रिंग मोडू शकते, नाहीतर तो सगळा गाळ कार्बोरेटरमध्ये येऊन बसतो.

कागदांचं काम मात्र आजच सुरू करा. त्याला महिने लागतात, आणि विमा, क्लब, प्रदर्शन सगळं त्यावर अडतं. मालकाच्या निधनानंतर गाडी वारसाच्या नावावर करायला नमुना ३१ भरायचा. नियमाप्रमाणे तो तीन महिन्यांत द्यायचा असतो. मुदत उलटली असेल तर दंड भरावा लागेल, पण काम होतं. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती आणि आरसी बुक जोडायचं. आरसी बुक सापडत नसेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग नमुना २६. इतक्या जुन्या गाडीची नोंद बऱ्याचदा संगणकावर चढलेलीच नसते. तेव्हा आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’ करून घेतल्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. चेसिस नंबरावर कागद धरून शिसपेन्सिलीने घासलेला ठसा मागतात. नंबरावर गंज असेल तर तिथे पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावू नका. रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. अंक पुसट झाले की गाडीवर संशय येतो, आणि तो निस्तरणं इंजिन बांधण्यापेक्षा अवघड.

पुढे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण: नमुना २५, पाच वर्षांसाठी, गाडी तपासणीला न्यायची, हरित कर भरायचा. दुसरी जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनी आलेली विंटेज नोंदणी. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी तिला पात्र ठरते. तुमची १९७१ची गाडी बसते. त्या नियमांत नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. रविवारी घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला जायचं असेल तर नेहमीची नोंदणीच टिकवा. फियाट ही चालवायची गाडी आहे, माझं मत त्याच बाजूने. ‘पंधरा वर्षांवरची गाडी आता भंगारात’ असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. वयावरून सरसकट बंदीचा विषय दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडे खासगी गाडीचं भवितव्य ती तपासणीत पास होते की नाही यावर ठरतं.

आता गाडीकडे वळू. ती जॅकने उचलून चारही बाजूंनी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा. शेडला माती असेल तर घोड्याखाली जाड प्लायचा तुकडा घाला, नाहीतर पाय रुततो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. यात सवलत नाही.

शेड शाहूपुरी, नागाळा पार्क अशा भागात असेल तर आधी एक शंका फेडून घ्या: २०१९ किंवा २०२१च्या पुरात गाडीला पाणी लागलं होतं का? इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधली गिअरची पेटी) या तिन्हींची खालची बुचं किंचित सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते आधी ठिबकतं. डिफरन्शियलचं तेल ताकासारखं पांढरट निघालं तर नुसतं बदलून भागत नाही. रॉकेल घालून चाकं हाताने फिरवून धुवा, ओता, पातळ तेलाने एकदा पुन्हा तेच करा आणि बेअरिंगचा आवाज ऐका. पुराचा बारीक गाळ ब्रेक ड्रम आणि व्हील बेअरिंगच्या ग्रीसमध्येही बसतो.

इंजिन उठवायचं असं. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून १०-१५ मिली पातळ तेल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका. आणखी तेल, आणखी दोन दिवस. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून, फिल्टर बदलून नवं २०डब्ल्यू-५० भरा. चार लिटरचा डबा पुरतो, पण डबा संपवायचा म्हणून ओतू नका. पातळी डिपस्टिकवर बघा. प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर काढून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. प्लग नसताना बेअरिंगवर ताण नसतो आणि तेल वर चढायला वेळ मिळतो. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट) सेट करून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एकंदर आकड्यापेक्षा चारांतला फरक बोलका असतो: तो १०-१५ टक्क्यांच्या आत असावा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. रिपोर्ट वाईट आला तरी लगेच इंजिन उघडू नका. उभ्या गाडीच्या चिकटलेल्या रिंगा दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर पुष्कळदा सुटतात.

हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. ते पेट्रोल देशात फेब्रुवारी २००० पासून बंद आहे. तेव्हा कुणी ‘हेड उघडून व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवा’ म्हणालं तर तत्त्वतः बरोबर आहे, पण त्यासाठी मुद्दाम हेड काढू नका. दर दोन-तीन हजार किलोमीटरला टॅपेटचा गॅप आपोआप कमी होत असेल तर सीट खाली बसतेय असं समजा, तेव्हा करा. शिवाजी उद्यमनगरात हे काम नीट होतं. सीट कापणं, बोअरिंग, किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बुश, झिजलेल्या शाफ्टवर स्लीव्ह ही सगळी कामं ऑइल इंजिनांच्या धंद्यामुळे तिथल्या लेथवाल्यांच्या हातात बसलेली आहेत. पुण्या-मुंबईचा फियाटवाला जो भाग महिनोन्महिने शोधत बसतो तो इथे नमुना दाखवून बनवून मिळतो. फक्त माप तुम्ही द्या, ‘आधीसारखंच करा’ म्हणू नका, कारण हातात दिलेला जुना बुश झिजलेलाच असतो.

पेट्रोल. टाकी काढा, गेजचा फ्लोट बाहेर घ्या, जुनं पेट्रोल मोकळ्या हवेत ओता. टाकीला वेल्डिंग कधीही नाही. धुतलेल्या टाकीतही वाफ राहते आणि तिचा स्फोट होतो. आतल्या गंजासाठी सायट्रिक ॲसिड वापरा, लिटरला १०० ग्रॅम. टाकी ३८ लिटरची आहे; २० लिटर पाण्यात २ किलो घालून ती रोज वेगळ्या कुशीवर ठेवली तरी चालतं. मग पाण्याने धुऊन, खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून, कडक उन्हात वाळवा आणि लगेच आतून थोडं तेल फिरवा. वाळल्यावर अर्ध्या तासात पुन्हा लालसर गंज धरतो. इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते.

पंपावर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुनी रबरं त्याला टिकत नाहीत. नळ्या फुगतात, आतून भुगा सुटतो, फ्युएल पंपाचा पडदा आखडतो. म्हणून सगळ्या लवचीक नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, पंपाचं किट बदला आणि पंपाआधी पारदर्शक फिल्टर बसवा, म्हणजे टाकीतून काय येतंय ते दिसेल. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं. प्लगचं टोक फिकट भुरकट असेल तर ठीक; पांढरं खडखडीत असेल आणि चढावर गाडी धक्के मारत असेल तर मेन जेट एक आकडा मोठा लावून बघा. सोलेक्स कार्बोरेटर उघडताना टप्प्याटप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. जेट हवेने साफ करायचे, तारेने नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग ट्यूनिंग कधीच लागत नाही.

ब्रेकवर सगळ्यात जास्त वेळ आणि पैसे जाऊ द्या. चारही चाकांना ड्रम आहेत आणि सर्किट एकच आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो, निम्मा उरत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोल्हापूरच्या सात पावसाळ्यांनंतर सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडलेले असणार असं धरूनच चाला. ड्रम काढा. निघत नसेल तर ॲडजस्टर सैल करा, ड्रमच्या काठावर लाकडी हातोड्याने गोल फिरून ठोका. आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

सिलिंडर बोअरवर नख फिरवा. नखाला खड्डा लागला तर होनिंगने, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून, भागणार नाही. नवा सिलिंडर मिळाला तर उत्तम, नाहीतर पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह. वॉशर किट, म्हणजे सिलिंडरमधली रबरं, सगळीकडे नवं. तीन रबरी नळ्या, पुढे दोन आणि मागे एक, दिसायला चांगल्या असल्या तरी बदला. त्या आतून फुगतात. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. गरम ड्रमचा वास आला की लोक शू सेट करत बसतात, दोष असतो नळीचा. लोखंडी पाइप हाताने चाचपा, विशेषतः क्लिपखाली. गंज तिथून लागतो.

ऑइल डॉट ३, एक लिटर, सीलबंद डबा. अर्धा वापरून ठेवलेला गेल्या वर्षीचा डबा नको. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडलवर बसणाऱ्याने पाय पूर्ण तळाला नेऊ नये, खाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टरमध्ये तळाच्या भागात गंजाचं कडं असतं, नवा वॉशर त्यावरून गेला की फाटतो. नवा वॉशर टाकूनही आठवड्यात ब्रेक गेला, अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं. काम झाल्यावर पेडल जोराने एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर गाडी शेडबाहेर काढायची नाही.

इग्निशन सोपं आहे. पॉइंटचा (डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघडझाप करणाऱ्या टोकांचा) गॅप साधारण ०.४ मिमी, प्लगचा ०.६ मिमी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. सात वर्षांनी पॉइंटवर ऑक्साइडचा थर येतो आणि स्पार्कच पडत नाही. बारीक पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलच्या फडक्याने पुसा. टायमिंगसाठी मिस्त्री लागत नाही. इंजिन टायमिंगच्या खुणेवर आणा, १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या उलट दिशेला सावकाश फिरवा. बल्ब लागला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले, तिथे आवळा. गाडी गरम झाल्यावर मिसिंग मारून बंद पडते आणि थंड झाल्यावर गुपचूप चालू होते, तेव्हा आधी कंडेन्सर बदला. स्वस्त भाग, आणि आजकाल मिळणारे बरेचसे नवेच खराब निघतात. चांगला जुना निघाला तर जपून ठेवा.

रेडिएटर, पाइप, थर्मोस्टॅट बघून घ्या. किंगपिनला ग्रीस सुटेपर्यंत ग्रीस मारा. निपलमधून जात नसेल तर निपल बदला, जोर करू नका. जुने टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, काढून नवे घाला. वय टायरच्या बाजूवर कळतं: चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मूळ माप ५.२०-१४.

पहिली चाचणी गल्लीतच, मग रंकाळ्याभोवती. पन्हाळ्याचा घाट त्यानंतर, आणि तोही सकाळी. चढावर दुपारच्या उन्हात फ्युएल पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि गाडी दम तोडते. बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, पंधरा मिनिटं थांबा. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी सोय) नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका.

आता पत्रा. फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या बॉडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबीचा (पुट्टीचा) जाड थर आहे, आणि त्याखाली गंज. फ्लोअर, दाराखालची पट्टी, मागच्या चाकाच्या कमानी, स्टेपनीचा खळगा, बॅटरीखालचा ट्रे या जागा आधी तपासा. सडलेला पत्रा चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा, २० गेजच्या सीआरसी पत्र्याचा तुकडा बसवा, वेल्डिंग सलग न करता लांब-लांब टाके घालत. सलग केलं की पत्रा वाकतो. वर इपॉक्सी प्रायमर. गंजावर थेट लांबी भरणारा पेंटर तुम्हाला दोन पावसाळे देतो. रंगाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काढा. जून ते सप्टेंबरमध्ये इथल्या दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभागावर ओल धरते आणि रंग दुधाळ होतो.

क्लबबद्दल. एक शब्दगोंधळ आधी दूर करतो. क्लबांच्या बोलीत विंटेज म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वीची गाडी, तुमची क्लासिक. सरकारी नियमात मात्र पन्नास वर्षं झाली की विंटेज. आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा तीस वर्षांची, मूळ स्वरूपात जपलेली आणि रोज न वापरली जाणारी गाडी ऐतिहासिक मानते. देशपातळीवर मुंबईची विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आणि फेडरेशन ऑफ हिस्टॉरिक व्हेइकल्स ऑफ इंडिया ही नावं आधी बघा. अर्जासोबत साधारणपणे मालकीचे कागद, चारही बाजूंचे आणि इंजिनचे फोटो, बऱ्याच ठिकाणी जुन्या सदस्याची शिफारस लागते. गाडी अजून चालत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. अर्धवट कामाच्या गाड्यांच्या मालकांची क्लबांना सवय असते.

‘मर्सिडीज-रोल्सच्या रांगेत फियाट कशाला’ हा संकोच नको. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा गर्दी करणाऱ्या शहराला जुन्या गाडीचं अप्रूप शिकवावं लागत नाही, पण ज्या गाडीत आपण लहानपणी बसलो तिच्याभोवती लोक जास्त वेळ रेंगाळतात. फी भरण्याआधी मात्र हे विचारा: सुट्या भागांची देवाणघेवाण होते का, वर्षात किती वेळा गाड्या एकत्र चालवतात, मूळपणाची तपासणी कोण करतं, कोल्हापूर-सांगली भागात कुणी सदस्य आहे का. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी, तुमच्या फियाटचीच धाकटी बहीण, ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि तिच्या जिवावर चालणारी सुट्या भागांची बाजारपेठही आटत चालली आहे. पुढच्या दहा वर्षांत मास्टर सिलिंडर कुठे मिळेल हे क्लबातली माणसंच सांगतील. नुसतं बॉनेटवरच्या बिल्ल्यासाठी सदस्य होण्यात अर्थ नाही.

पद्मिनीचे बरेच यांत्रिक भाग तुमच्या गाडीला बसतात, इंजिन तेच १०८९ सीसीचं. ते बिनधास्त वापरा. ग्रिल, नावाची अक्षरं, बाहेरचे दिवे मात्र १९७१चेच ठेवा. परीक्षकाची नजर तिथेच आधी जाते. काढलेला प्रत्येक मूळ भाग, तुटका असला तरी, चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. डिस्ट्रिब्यूटरमध्ये इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं असेल तर प्रदर्शनापूर्वी पॉइंट परत लावता येतील अशी सोय असू द्या. इंजिनला काळा चकचकीत स्प्रे मारणं, रबरी नळ्यांना सिलिकॉन पॉलिश फासणं यानं गुण वाढत नाहीत. सगळे दिवे, हॉर्न, वायपर चालू असणं यानं वाढतात.

पुण्याचं प्रदर्शन असेल तर सुमारे २३० किलोमीटर आहे. ताशी ६० च्या आसपास, पहाटे निघून, दर तासाभराने पाणी-ऑइल बघत गाडी जाऊ शकते. पण आधी तिने जवळपास पाचशे किलोमीटर बिनतक्रार केलेले असावेत. नाहीतर फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक. पट्टे ॲक्सलला बांधून घ्या, बंपरला नाही, आणि चालक ‘असंच बांधतो आम्ही’ म्हणाला तरी उभं राहून बांधून घ्या. सोबत पंख्याचा पट्टा, पॉइंट-कंडेन्सर, दोन प्लग, फ्युज, नळी आणि क्लिपा, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, पाच लिटर पाणी आणि दोन किलोचं ड्राय पावडर अग्निशामक. मैदानावर गाडीखाली पत्र्याचा उथळ ट्रे ठेवा, आयोजकांना जमिनीवर तेलाचे डाग खपत नाहीत. आरसी, विमा, पीयूसीच्या प्रती एका फाइलमध्ये, आणि काम करताना काढलेले फोटो तारखेनिशी त्याच फाइलमध्ये. ‘हा पत्रा मूळचा का?’ हा प्रश्न येणारच आहे, तेव्हा उत्तर तोंडी देऊ नका, फोटो दाखवा.